माझ्याखाली राहिलेलं पत्र

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात, गंजलेल्या पिनांच्या डबीशेजारी जो काचेचा गोळा पडलेला दिसतो ना, तो मी. मी एक जुना पेपरवेट आहे. हसू नका. माझेही दिवस होते.

भट्टीतून निघालो तेव्हा माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहून गेला. कारागिराने मला बाद मालात टाकलं. पण सहलींचं बुकिंग करणाऱ्या एका ऑफिसच्या मालकांना नेमका तोच बुडबुडा आवडला आणि मी त्यांच्या टेबलावर आलो. डोक्यावरचा पंखा असा बेफाम, की मी नसतो तर निम्मी तिकिटं रस्त्यावर गेली असती. बावीस वर्षांत माझ्याखालचा एक कागद हलला नाही. मालक येईल त्याला सांगायचे, की आमच्या ऑफिसात सगळ्यात विश्वासू हाच. मी आपला फुगून बसायचो.

मालक मनाने फार चांगले, पण कुणाचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नसे. गाडी रद्द झाली, हॉटेलात जागा नाही, असलं काही आलं की तो कागद माझ्याखाली जायचा. बघू, होईल काहीतरी, असं म्हणायचे. आणि खरंच, बऱ्याचदा व्हायचंही. त्यानेच तर सवय जडली.

एकदा कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानातल्या मावशी आल्या. त्यांना क्रूझवर जायचं होतं, एकटीला, आणि जहाजही त्यांनी नावानिशी सांगितलं. मालकांनी विचारलं, खोली खिडकीची हवी ना? तर म्हणाल्या, खिडकी नको, स्वयंपाकघराजवळची असेल तर बघा. मालक खूप हसले. लोक समुद्र बघायला जातात, तुम्ही काय भांडी बघणार, असंही म्हणाले. मावशी गालातल्या गालात हसल्या आणि सही करून गेल्या.

पुढच्या महिन्यात जहाजवाल्यांचं पत्र आलं. मावशींच्या तारखेला एक कंपनी अख्खं जहाज भाड्याने घेण्याची शक्यता आहे. तसं झालं तर बाहेरच्या प्रवाशांना जाता येणार नाही. कुणाला याच जहाजाची आधीच्या आठवड्याची फेरी हवी असेल तर दहा दिवसांत कळवावं. मालकांनी पत्र दोनदा वाचलं. नुसती शक्यताच तर आहे, उगाच कशाला बिचारीच्या जिवाला घोर, असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि पत्रावर ठेवलं. मी इमानाने बसून राहिलो.

दहा दिवस गेले. आणखीही गेले. मग जहाजवाल्यांचा फोन आला, की कंपनीचं पक्कं झालं आणि आधीची फेरीही भरली. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मालकांनी मावशींना बोलावून घेतलं. त्याच तारखेला दुसरं जहाज आहे, त्याहून मोठं, खोलीही ऐसपैस, असं पुष्कळ रंगवून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"जहाज मला कुठलंही चाललं असतं हो," त्या म्हणाल्या. "पण माझा मुलगा त्याच जहाजावर भांडी घासतो. पाच वर्षं झाली त्याला बघून. या फेरीनंतर त्याला जगाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रात पाठवतायत, आणखी तीन वर्षं. बंदरावर त्याला खाली उतरू देत नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच चढावं."

कामगाराची आई म्हटल्यावर तिकीट देणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

तेव्हा कुठे मालकांनी आधी आलेल्या पत्राचं सांगितलं. मावशींनी पत्र मागितलं. मालकांनी मला बाजूला केलं आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. मावशी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होत्या. दहा दिवसांच्या ओळीवर बोट थांबलं, मग वर तारखेपाशी गेलं.

"मी रोज याच दारावरून जाते," त्या हळूच म्हणाल्या. "एक हाक मारायची होती."

त्यांनी आवाज चढवला नाही. पत्र टेबलावर ठेवलं, पंख्याकडे पाहिलं, आणि उडू नये म्हणून मला स्वतःच्या हाताने उचलून त्यावर ठेवलं. मित्रांनो, मी आयुष्यभर कागदांवर बसलो, पण त्या दिवसाइतकी माझी मला लाज कधी वाटली नाही. मावशी गेल्या. संध्याकाळी मालकांनी मला खणात टाकलं.

मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, मी धूळ खात पडून राहीन. एवढंच मागतो. दुसऱ्याची वाईट बातमी तुमच्या हाती आली, तर ती त्याच दिवशी त्याच्या दारात पोचवा. त्याला रडायचं असेल तर रडू द्या. पण हातात उरलेले दिवस त्याचे असतात, ते आपण ठेवून घेऊ नयेत.