सोळा घरं

"मला तसंच पाहिजे. आजीवालं," असं म्हणून रामकिसन सोमनाथच्या पाठीमागच्या खाटेवर ऐसपैस बसला. "नवं काय करत बसू नको. पब्लिक त्याच्यावरच नाचती."

"शेठ, सहा वर्षं झाली त्याला. दुसरा कट केलाय, ऐका तरी."

"ऐकला की. चांगलाय. पर आजीवालंच टाक, अन् संध्याकाळपर्यंत पाठव."

रामकिसनकडे दोन ट्रक होते, त्यांवर भिंतीएवढे स्पीकर होते, आणि गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला स्वतःचं नाव पुकारून घ्यायची दांडगी हौस होती. गाणी सोमनाथ बनवायचा. ती वाजायची रामकिसनच्या नावानं. पैठणपासून कन्नडपर्यंत एकही हळद त्या आजीवाल्या गाण्याशिवाय लागत नव्हती, आणि ते बनवणारा माणूस मात्र गारखेड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत, भर वैशाखात पंखा बंद करून बसलेला असायचा. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. खिडकीला फळी ठोकलेली, भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम डकवलेला. त्या खोलीत दिवस उगवला काय आणि मावळला काय, सारखंच.

सोमनाथची करामत एकच होती. गाण्याच्या एका आवर्तनाची त्यानं कॉम्प्युटरवर सोळा घरं पाडायची. काही घरांत आवाज उघडा, काहींत बंद. मग कुणीतरी निवांत गायलेला लांबलचक सूर ठेक्यावर उघडझाप करत पळायला लागतो, आणि सत्तर वर्षांच्या आत्याबाईसुद्धा पदर खोचून मांडवात उतरतात. कुणी शिकायला आलं की तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आवाज कधी कापायचा नसतो. वरून नुसतं दार लावायचं. आत बाई गातच असती." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कारण ज्या एका गाण्यानं तो जगत होता, त्यातच त्यानं नेमकं उलटं करून ठेवलं होतं.

ती आजी म्हणजे सोमनाथची आई, आशाबाई.

पिशोरला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हळद असली की आशाबाईंना बोलावणं ठरलेलं. पहिली ओळ तेवढी कायमची, "पिवळी झाली लेक बाई, पिवळं झालं दार." मागं धरणाऱ्या बायांना तेवढीच पाठ. पुढच्या ओळी आशाबाई तिथल्या तिथं जोडायच्या. पाटावरच्या लेकीचं नाव, तिची खोड, तिनं लावलेलं झाड, सगळं त्यात यायचं. सोमनाथच्या सगळ्यात धाकट्या बहिणीच्या हळदीत त्या गायल्या, ते त्यानं मोबाइलवर भरून घेतलं आणि त्याची सोळा घरं पाडली. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे दम्याचा पेशंट. दार लावायचं काम चालू ठेवून गाणं वाजवायला गेलं की बंद पडायचा. म्हणून सोमनाथनं हवा तेवढा दीड मिनिटाचा तुकडा घेतला आणि बंद घरांसकट पक्का करून टाकला. कॉम्प्युटरनं विचारलंही, त्याच नावाची आधीची फाइल पुसू का? रामकिसन फोनवर घाई करत होता. सोमनाथनं 'हो' दाबलं. मोबाइलवर आहेच, असा हिशेब. पुढच्याच महिन्यात नळाला पाणी आलं त्या दिवशी मोबाइल ड्रममध्ये पडला. तेव्हा कॉम्प्युटरात आहेच, असा हिशेब.

एवढ्यावरही निभावलं असतं. चार वर्षांपूर्वी आशाबाईंच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्या याच खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज घोगरा झाला होता, पण होता.

"सोम्या, एकदा परत भरून घेतो का गाणं?"

लग्नसराई होती. कानाला हेडफोन होते. "हाय की माय, सगळं कॉम्प्युटरात हाय. कशाला घशाला तरास?"

"पुरं हाय ना?"

"पुरं हाय."

त्यानं उघडून पाहिलं नव्हतं. पाहिलं ते ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, आणि तेव्हापासून तो वेळ मारून नेत होता.

रामकिसन गेला आणि लगेच प्रेरणा आजीला घेऊन दारात आली. रविवारी पिशोरला प्रेरणाची, सोमनाथच्या एकुलत्या एक लेकीची, हळद होती. आशाबाईंच्या गळ्याशी, जिथून आता श्वास चालायचा, तिथं पांढरं मलमलीचं फडकं बांधलेलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या हातांनी बोलायच्या.

त्यांनी प्रेरणाच्या गालांना हळद लावल्यासारखं केलं, मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हात लांब, लांब नेले.

"आजी म्हणती, माझ्या हळदीला तिचं गाणं पुरं लावा," प्रेरणा म्हणाली. "तुकडे तुकडे नको. तिनं मला पहिल्यांदाच काही मागितलंय, पप्पा."

"डीजेवर पुरं कुठं चालतं? कुणी नाचणार नाय."

"नको नाचू दे."

सोमनाथ उगाच वायरी नीट करायला लागला. सहा वर्षं ही बाई गॅलरीत उभी राहून वरातींमधून आपलाच आवाज फुटक्या काचेसारखा वाजताना ऐकत होती आणि हूं का चूं करत नव्हती. तिला वाटायचं, हे बाहेरचं असंच असतं. खरं गाणं लेकाकडं जपून ठेवलेलं आहे. खोलीला दार एकच होतं आणि त्यात त्या दोघी उभ्या होत्या.

"माय, पुरं नाय माझ्याकडं," तो शेवटी म्हणाला.

आशाबाईंनी पुन्हा कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"हितं नाय. कुठंच नाय." त्यानं फाइल उघडली. पडद्यावर आवाजाच्या उंचसखल पट्ट्या दिसत होत्या, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये सरळ रेघ. "ह्या रेघा दिसत्या ना? हितं तू गायली होती. ते म्या पुसलं. चुकून पुसलं. तू भरून घे म्हणली तवा म्या बघितलं बी नाय."

प्रेरणानं बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सोमनाथला रडू फुटलं.

आशाबाई खुर्ची ओढून बसल्या. एका सरळ रेघेवर त्यांनी बोट ठेवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मग हातानंच म्हणाल्या, लाव.

त्यानं ठेका काढून नुसता आवाज लावला. पि… झा… क… ई… पि… दार. आणि आशाबाईंचे ओठ हलायला लागले. आवाज तुटत होता, ओठ थांबत नव्हते. बंद घरांवरून ते सरळ पुढे जात होते. गळ्याशी श्वास फुर्र करत होता आणि फडकं ठेक्यात वरखाली होत होतं.

सोमनाथनं घाईघाईनं पेन उचललं. पहिली ओळ पाठच होती, तिच्यासाठी नुसतं 'पिवळी' लिहिलं. पुढच्या ओळीचा पहिलाच शब्द ओठांवरून सुटला तो सुटलाच.

"आजी, सावकाश," प्रेरणा म्हणाली. पण गाणं सावकाश होईना.

"पप्पा, कळतंय का तुम्हाला?"

"नाय गं."

जन्मभर जो आवाज त्यानं ऐकला, त्यातल्या पुढच्या ओळी त्याला माहीतच नव्हत्या. लहानपणी मांडवात झोप यायची, मोठेपणी नजर घरांवर असायची. बाई काय म्हणते ते ऐकायला त्याला सवड कधी झाली नाही.

दीड मिनिटानं फाइल संपली. पडद्यावरची रेघ थांबली. आशाबाईंचे ओठ चालूच होते. जे कुणी कधी भरून घेतलं नव्हतं, ते आता खोलीभर बिनआवाजाचं चाललं होतं. मध्येच त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं, तिच्या हनुवटीला हात लावला आणि एक शब्द ओठांवर स्पष्ट आणला. तेवढा त्या दोघांनाही कळला. सोमनाथनं तो कागदाच्या पार खाली लिहिला, 'प्रेरणा'. वर 'पिवळी', खाली 'प्रेरणा' आणि मधला कागद कोरा.

टेबलावरचा फोन थरथरायला लागला. रामकिसनचं नाव चमकत होतं. सोमनाथनं पेन खाली ठेवलं आणि आईच्या तोंडाकडे बघत बसला. तिचं गाऊन होईपर्यंत त्यानं फोन घेतला नाही.