स्पीकरवर ताई

तांदळाच्या कणीएवढं ते हाड तिच्या तळहातावर ठेवून शास्त्रज्ञबाई केव्हाच खुर्चीत जाऊन बसल्या होत्या, आणि ती आपली त्याच्याकडे बघत उभी—माशाच्या कानातलं हाड, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयं असतात म्हणे... यावर एकच होतं. खाडीत म्हातारा मासा उरलाच नाही, बाई मघाशी म्हणाल्या होत्या, पहिलटकरीण व्हायच्या आत प्रत्येक मासळी जाळ्यात. पहिलटकरीण! काय शब्द आहे, बातमीत हाच ठेवायला हवा, असं तिच्या मनात आलं होतं, तोवर बाईंनी नकाशा लावला आणि कुठली खाडी ते दिसलं. मग शब्दाचं कौतुक राहिलं बाजूला.

समोर वार्ताहर बसलेले, समुद्राची बातमी कशी लिहावी ते शिकायला आलेले. काल-परवापर्यंत कोर्ट नाहीतर क्रिकेट लिहिणारे. ती स्वतः वर्तमानपत्रात केस पिकवून आता हेच शिकवत फिरायची, आणि तिचा एक हातखंडा प्रयोग होता: घरी कुणाला तरी फोन लावायचा, संशोधन साध्या शब्दांत सांगायचं आणि विचारायचं, काय समजलं? जे परत येईल ती तुमची बातमी. पहिला फोन तिचा, नेहमी ताईला, स्पीकरवर. ताई म्हणजे हुकमी टाळ्या. जेलीफिशला मेंदू नसतो हे ऐकून ती म्हणाली होती, "मग आमच्या ह्यांच्यासारखंच की, तरंगतंय मजेत!"

आज पुन्हा जेलीफिशच सांगावा, नकाशा दिसल्यावर तिनं ठरवलं होतं. पण पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, आजच्याच संशोधनावर करा ना, ताजं आहे," आणि बाईंनीही आशेनं मान वर केली. आता काय सांगणार? की त्या खाडीत माझ्या भाऊजींची बोट आहे? सांगायलाच हवं होतं. बातमीत आपलं माणूस असेल तर आधी उघड बोला, असं सकाळी तिनंच या लोकांना ठासून सांगितलं होतं... आणि बोटांनी सवयीनं नंबर लावलासुद्धा.

"ताई, स्पीकरवर आहेस हं."

"माहितेय गं बाई, भरली असेल तुझी शाळा. बोल, आज कुठलं जनावर?"

हाच आवाज. आई गेल्यावर ताई पहाटे आधी हिची वेणी घालायची आणि मगच जाळी सोडवायला धक्क्यावर जायची, कारण नंतर हाताला माशांचा वास यायचा आणि मी... शाळेत मुली नाक मुरडतात म्हणून मी रडायचे. अंधारात, पेंगत, घट्ट वेणी. भाऊजींच्या त्या बोटीच्या कमाईवर मी शिकले, त्या वेणीवर मी इथं उभी आहे.

"खाडीतले मासे, ताई," ती म्हणाली. आवाज शिकवतानाचाच निघाला, स्वच्छ. "वाढायच्या आत पकडले जातायत. अंडी घालायला कुणी मागे उरतच नाही. काही वर्षं तिथं जाळं टाकलं नाही तर कदाचित... कदाचित हं, परत वाढतील."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"आपलीच खाडी ना?"

"हो."

पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता तिला, पण सगळे वाट बघत होते. "काय समजलं, सांग."

"समजलं की," ताई म्हणाली, "आमची बोट उभी राहणार."

वर्गात कुणीतरी हळूच "वा!" म्हणालं. पेनं चालू झाली.

"मग तुझं काय म्हणणं आहे?" ताईनं विचारलं. "व्हावी का मासेमारी बंद?"

व्हावी, कारण बाई खरं बोलतायत, आणि नाही झाली तरी भाऊजींची जाळी रिकामीच यायची. नको व्हायला, कारण तोवर ताईनं खायचं काय... असं झालं तरी भोगणार ताई, तसं झालं तरी ताईच. मधल्या मधे मी कोण? शेवटी जे पाठ होतं तेच बाहेर पडलं.

"आमचं म्हणणं नसतं गं, ताई. आम्ही फक्त सांगतो."

ते वाक्यही वर्गानं लिहून घेतलं.

"असं होय," ताई म्हणाली. मग विचारलं, "जेवलीस का?"

"हो."

जेवली नव्हती. फोन कुणीच ठेवला नाही. पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला, चेहरा नुसता उजळलेला. "मॅडम, 'आमची बोट उभी राहणार', हाच मथळा घेऊ?"

तिनं ते वाक्य मनात सवयीप्रमाणे तपासलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

"छान आहे," ती म्हणाली.

"ठेवते गं," टेबलावरून ताईचा आवाज आला, आणि सगळे खळखळून हसले, कारण ताई अजून ऐकतेय हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. तीही हसली. हसू थांबवता येईना तिला. वर्ग गप्प झाला तरी ते तसंच तोंडावर राहिलं, आणि ते पुसायचं कसं हे काही केल्या आठवेना.