खळीखालचा वॉर्ड

उर्मिला दुसाने हिने नकाशावरची पहिली चिठ्ठी सोडवली, त्याच सकाळी ऑल्ड्रिच शहरात एक न्हाव्याचं दुकान परत आलं. आत गिऱ्हाईक बसलेलं, अर्ध्या गालावर फेस. ओटिस ग्रीनलॉ नावाच्या त्या न्हाव्याने वस्तरा थांबवून बाहेर पाहिलं, "आज ऊन जरा जास्तच आत येतंय," म्हणाला, आणि उरलेला गाल करायला घेतला. मध्ये एकाहत्तर वर्षं गेली होती. फेस काही वाळला नव्हता.

त्या जागी तोवर गाड्या लावायचं मैदान होतं. ते चौदा गाड्यांसकट उर्मिलाच्या तळहातावर आलं. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद, पण कानाशी धरला की त्यातली एक गाडी बारीक आवाजात कोकलत होती.

हे नकाशे आगीचा विमा उतरवणाऱ्यांसाठी काढलेले. विटांचं घर गुलाबी, लाकडाचं पिवळं. एक घर पडून दुसरं उठलं की अख्खा नकाशा पुन्हा कोण छापणार? नव्या घराची तेवढी चिठ्ठी छापून यायची, आणि एक माणूस खळीचा डबा घेऊन ती जुन्या घरावर डकवून जायचा. जुनं घर खाली तसंच राहायचं.

उर्मिला मूळची चोपड्याची. वडील पोस्टमास्तर. पाकिटांवरची परदेशी तिकिटं चहाच्या किटलीच्या वाफेवर सोडवायचं काम लहानपणी तिच्याकडे असे, आणि कोपरा फाटला की दिवसभर बोलणी बसत. आता ती अमेरिकेत, ऑल्ड्रिचच्या विद्यापीठात, शहराच्या चौथ्या वॉर्डाच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती. अभिलेखागाराने नकाशाची जादा झालेली प्रत तिला देऊन टाकली. दुसऱ्या कुणी ती उजेडापुढे धरून खालचं वाचलं असतं. उर्मिलाने किटली चढवली.

प्रबंधाचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. नव्या वसाहतीसाठी एकोणीसशे एक्कावन्न साली चौथा वॉर्ड पाडला, त्याच्या अहवालात एकच ओळ होती: रहिवाशांनी सभा घेऊन राजीखुशीने जागा सोडली. त्या सभेचं इतिवृत्त कुठेच नव्हतं. किती जणांनी हात वर केले, कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या चिठ्ठीखालून शिंप्याचं बिऱ्हाड निघालं, सहा माणसं आणि एक शिवणयंत्र. वरच्या चिठ्ठीवर टायरचं दुकान होतं. ते लुंडग्रेन नावाच्या मालकासकट सुटलं. कागदाच्या खिडकीत तो पाना हातात घेऊन उभा होता. उर्मिला घाबरली. तिने खळ शिजवून चिठ्ठी पुन्हा लावून पाहिली, पण धरेना. खालच्या जागेत आता माणसं राहत होती.

लुंडग्रेनची बायको रोज दुपारी येऊन भिंगातून त्याला बघून जायची.

"बरा दिसतो," ती म्हणायची. "जरा बारीक झालाय."

उर्मिलाने किटलीला हात लावायचा नाही असं ठरवलं. पण गोष्ट तोवर नगरसभेत गेली.

ऑल्ड्रिचच्या नगरसभेत कुणीही नागरिक उठून बोलू शकतो. प्रत्येकाला तीन मिनिटं. हिरवा दिवा लागला की सुरू करायचं, लाल लागला की बसायचं. ग्रीनलॉ न्हावी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"सभा होती त्या दिवशी माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं," तो म्हणाला. "म्हणून मी गेलो नाही. समोरच्या हॉलमध्ये एकसष्ट माणसं गेली, ती मी दारातून मोजली. निकाल काय लागला, तेवढं कुणी सांगाल का?"

"आपल्या दुकानाचा परवाना संपलेला आहे," चिटणीस बाई म्हणाल्या.

"असेल. मी बाहेर आलोच नव्हतो."

लाल दिवा लागला. न्हावी बसला. सभासदांनी आपसात कुजबुज करून ठराव केला, आणि तो सगळ्यांनाच रास्त वाटला. वॉर्डाने राजीखुशीने जागा सोडली असेल, तर परत आलेली माणसं बेकायदा घुसलेली ठरतील आणि त्यांना हटवून त्या जागेवर पुन्हा कागद डकवण्यात येईल. सोडली नसेल, तर त्यांनी राहावं. निकाल संशोधक मिस दुसाने यांनी सोमवारपर्यंत सादर करावा.

"सोमवारी सुट्टी आहे," कुणी तरी म्हणालं.

"मग रविवारपर्यंत."

हॉल कुठे होता ते उर्मिलाला पाठ होतं. त्याच्यावर एक छोटी गुलाबी चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीतल्या घरात, वरच्या खोलीत, ती स्वतः भाड्याने राहत होती. घर मिसेस काल्डरचं. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. न्हावी आणि शिंपी वाचवायचे तर ती चिठ्ठी सोडवून खालची सभा वर आणायला हवी, म्हणजे मिसेस काल्डर कागदात जाणार, आणि ती एकदा गेली की परत चिकटणार नाही.

रविवारी दुपारी उर्मिला वरून खाली आली, तर स्वयंपाकघरात किटलीला आधण आलं होतं आणि टेबलावर नकाशा पसरलेला होता. मिसेस काल्डरने दोन्ही हातांनी त्याची कड धरली होती.

"मिसेस काल्डर, तो इकडे द्या."

"तू चार वर्षं लोकांच्या आया-आज्यांना काय काय विचारत फिरलीस, पोरी. मला एकदाही नाही."

"तुम्ही त्या वेळी सहा वर्षांच्या होतात."

"सहा वर्षांची होते आणि हॉलच्या पायरीवर बसले होते. आई आत होती. बाहेर आली ती माझं मनगट धरून तरातरा चालायला लागली. मरेपर्यंत त्या सभेचं नाव काढलं नाही तिने." म्हातारीने नकाशा किटलीच्या तोटीकडे सरकवला. "तिने हात वर केला होता का, एवढंच बघायचंय मला."

"तुम्ही कागदात जाल."

"जाऊ दे. बारीक व्हायचं कधीचं मनात आहे."

वाफ लागली. गुलाबी चिठ्ठीचा कोपरा उचलला, आणि त्याबरोबर स्वयंपाकघराचा कोपरा उचलला. चुलीमागची भिंत पानासारखी दुमडून आली. खालून लाकडी बाकं सरकल्याचा आणि खोकल्याचा आवाज आला. मिसेस काल्डरच्या कानातून पलीकडची खिडकी दिसायला लागली.

उर्मिलाने हात पुढे करून चिठ्ठीवर तळवा दाबून धरला. वाफेने कातडी भाजली, पण तिने तो हलवला नाही. भिंत जागेवर आली. म्हातारीचा कान पुन्हा भरला.

"काढ हात," मिसेस काल्डर म्हणाली.

"गप्प बसा हो जरा."

कारण खाली कुणी तरी बोलत होतं. आवाज पुरुषाचा, संथ, कागदापलीकडून पण स्वच्छ. जागा सोडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत, असं तो म्हणाला.

उर्मिलाच्या तळव्याला खालून एक हात लागला. कागद इतका ओला आणि पातळ झाला होता की नखंसुद्धा कळत होती. तो हात गेला. दुसरा आला, राकट. तिसऱ्याला चार बोटं होती. ती मोजू लागली. हात एकामागून एक येत होते, टेकत होते, जात होते. एकसष्टात एकतीस झाले की पुरे होते. मिसेस काल्डर टेबलावर वाकून तिच्या ओठांकडे बघत होती.

"अठ्ठावीस," उर्मिला म्हणाली. "एकोणतीस."

"आईचा?"

"हातावरून कसं सांगू? तीस."

मग बराच वेळ काही नाही. वर किटली उतू जात होती आणि ती बंद करायला कुणाचा हात मोकळा नव्हता. संथ आवाजाने विचारलं, आणखी कुणी?

एक हात आला. लहानसा, बाईचा, थंड. तो कागदाला टेकला, आणि इतरांसारखा खाली न जाता त्याने उर्मिलाची बोटं घट्ट धरली.