शाळेच्या पडवीतली झोळी

मी झोळी बोलतेय. जन्मानं मी लुगडं, आंजीच्या बाजारातून अनुसयाबाईंच्या अंगावर आलेलं. बाईंचं घर शाळेला लागून आणि लक्ष चुलीपेक्षा शाळेत जास्त. आज कोण आलं, कोण नाही, हे बघायची खोड मलाही तिथूनच लागली.

त्या वर्षी कापूस फुटला आणि शाळा ओस पडली. आया वेचणीला, तान्ही पोरं थोरल्या मुलींच्या कडेवर. मागच्या तपासणीत लेकरांच्या रडारडीवरून बोलणी बसली होती, म्हणून प्रेमदास गुरुजींनी लेकरं आणायला मनाई केलेली. मग मुलीही येईनाशा झाल्या. हजेरी अशीच राहिली तर शाळेची मान्यता काढू, असा वरून निरोप आला.

तिसरीतली जयवंता तान्ह्या भावाला, चिंधूला घेऊन कुंपणाशी उभी राही. आतला धडा ऐकत ओठ हलवी.

"काऊन वं, बाहेरूनच शिकून राह्यली?" बाईंनी विचारलं.

"चिंधूले आत येऊ देत नाई, मावशी."

बाईंनी मला दांडीवरून ओढलं, पडवीच्या वाशाला बांधलं नि चिंधूला आत घातलं. गुरुजी घाबरले. साहेब रागावले तर शाळा जाईल म्हणाले.

"पोरी नाई आल्या तं बी जाईनच," बाई म्हणाल्या.

हळूहळू सगळ्या मुली लेकरांसह परतल्या, लेकरं आळीपाळीनं माझ्यात निजू लागली. चिंधू असला की माझी दोरी जयवंताच्या पायाच्या अंगठ्याला. पाढ्यांच्या लयीत मी हलायची, आणि वाटायचं, आपण ढग झालोय, पांढऱ्याशुभ्र शेतांवरून तरंगतोय, पोटात कुणाचं तरी स्वप्न घेऊन.

शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गुरुजी, ही शाळा की बाळंतिणीची खोली?"

साहेबांनी जयवंताला वाचायला उठवलं. दोरी सुटली, मी थांबले, चिंधूनं भोकाड पसरलं. तिची नजर पुस्तकावरून माझ्याकडे, पुन्हा पुस्तकाकडे. शब्द काही फुटेना.

साहेबांनी वाकून दोरी उचलली. "तू वाच," म्हणाले.

तिनं अख्खा धडा वाचला. साहेब दोरी ओढत राहिले.

"हळू ओढा साहेब, जुनं लुगडं हाये थे," बाई दारातून म्हणाल्या.

हजेरी बघून साहेबांनी मान्यता कायम ठेवली. दोरी मात्र चिंधू झोपल्यावरच सोडली.

आता माझ्या चिंध्या झाल्यात. लेकरू पेलवत नाही. मला खुशाल उतरवा, फळा पुसायला घ्या. फक्त यंदाचा कापूस फुटायच्या आत या वाशाला कुणाचं तरी लुगडं बांधा.