महामहिमांच्या मातोश्री

माझा मुलगा माझ्या हाकेला ओ देत नाही. बहिरा नाहीये तो. त्याचे कान शाबूत आहेत, लहानपणी मीच ते पिरगाळून तपासलेत. पण चारचौघांत मी "लेआंद्रो" म्हटलं की तो खिडकीबाहेर बघत बसतो, आणि त्याचा चिटणीस डॉन बाल्बिनो माझ्या कानाशी येऊन खोकतो.

"सेन्योरा, महामहिम म्हणायचं."

"हे नाव मी ठेवलंय," मी सांगते. "पाद्रीबाबांना दुसरंच काहीतरी ठेवायचं होतं. त्यांचंही मी ऐकलं नाही, तुम्ही कोण?"

यावर बाल्बिनो हसतो, पगारी माणसं हसतात तसा.

लेआंद्रोला गव्हर्नर होऊन दोन वर्षं झाली. माद्रिदहून शिक्क्याचा कागद आला त्या दिवसापासून तो महामहिम सेन्योर डॉन लेआंद्रो. बिशपसाहेबांची पदवी वेगळी, न्यायाधीशांची वेगळी, नगराध्यक्षांची त्याहून एक पायरी खाली. कोणाला काय म्हणायचं आणि कोणाच्या आधी कोणाला दारातून आत सोडायचं, त्याची यादी बाल्बिनोच्या टेबलावर काचेखाली असते. त्या यादीत मी नाही. म्हणून मग मला म्हणतात, महामहिमांच्या मातोश्री. प्राक्सेदेस हे माझं नाव या घरात अजून कोणी उच्चारलेलं नाही.

घर म्हणजे गव्हर्नरचा बंगला. संगमरवरी जिना, अकरा घड्याळं, आणि एकही खुर्ची अशी नाही की जिच्यावर बसून शेंगा सोलाव्यात. माझ्या गावी, फुएन्तेलार्गात, मी अडतीस वर्षं मेंढ्यांच्या दुधाचं चीज केलं, नवरा गेल्यावर एकटीनं, त्यावरच हा शिकला. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं जरा लसणीचं सूप करावं. स्वयंपाकीण हातातली सुरी ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. दोघी पोरी तिच्या शेजारी. मी आहे तोवर कोणी हलेना, पातेल्यातलं उतू जायला लागलं तरी. शेवटी मीच बाहेर पडले.

एकदा पायी बाजारात गेले. मागं दहा पावलांवर दोन शिपाई. मासेवालीला विचारलं, हा बांगडा कसा? तिनं शिपायांकडं बघितलं, दोन बांगडे कागदात गुंडाळले आणि म्हणाली, "मातोश्रींकडून पैसे कसे घेऊ?" जिथं घासाघीस करता येत नाही त्या बाजारात जाऊन करायचं काय? त्यानंतर मी खिडकीत बसायला लागले.

लेआंद्रोला मी किती वेळा म्हटलं, मला घरी जाऊ दे. तो दरवेळी एकच बोलतो.

"आई, गव्हर्नरची आई मेंढ्यांचं दूध काढते हे माद्रिदला कळलं तर?"

"कळू दे. मेंढ्या काय चोरीच्या आहेत?"

"थोडे दिवस थांब."

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

मग सर्व संतांचा सण जवळ आला. त्या दिवशी माझ्या नवऱ्याची कबर मी स्वतः घासते, स्वतः फुलं ठेवते, बंगल्यात येईपर्यंत एक वर्ष चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी ते चुकलं, म्हणून या वर्षी मी जेवायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी लेआंद्रो म्हणाला, "बरं, जाऊ. मलाही गावाची पाहणी करायची आहे." मी टोपली भरली. वर घासायचा ब्रश आणि शेवंतीची फुलं. खाली, कोणाला न दाखवता, घरातला झगा, सपाता, जपमाळ. परत यायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. एकदा माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की मग बघू कोण मला बाहेर काढतो.

आणि शेजारी कासिल्दा होतीच.

कासिल्दा म्हणजे गावची पाववाली. तिची भट्टी आणि माझं घर, मध्ये एकच भिंत. तिच्या कोंबड्यावरून आम्ही आठ वर्षं भांडलो. मला बाळंतपणात ताप भरला तेव्हा तीन आठवडे तिनं लेआंद्रोला आपल्या अंगावर पाजलं, आणि ते ती दर भांडणात ऐकवते. पाद्रीबाबांनासुद्धा अरेतुरे करणारी बाई. बंगल्यात मला करमेना की मी मनातल्या मनात तिच्याशी भांडून घ्यायची.

गावाच्या वेशीवर बॅंड होता. सरपंच काठी घेऊन, शाळेतली पोरं झेंडे घेऊन, आणि चकचकीत काळ्या टोप्यांचे चार शिपाई. सरपंच म्हणजे तो पासकासियो, ज्याला मी माझ्या परसातून जर्दाळू चोरताना दोनदा पकडलंय. तो कागदावरून वाचत होता, "महामहिम आणि महामहिमांच्या सन्माननीय मातोश्री..." मी म्हटलं, "पासकासियो, चष्मा कधी लागला रे तुला?" त्यानं मान खाली घातली आणि पुढची ओळ वाचली.

स्मशानात गेलो. कबर धुतलेली, नवा चुना, वर माणसाच्या छातीएवढा फुलांचा हार, रिबिनीवर गव्हर्नरच्या कचेरीचं नाव. माझ्या नवऱ्याचं नाव हाराखाली झाकलं गेलं होतं. घासायला काही उरलंच नव्हतं. मी गुडघे टेकायला वाकले तर कोणीतरी मखमलीची उशी सरकवली. ब्रश मी टोपलीतच राहू दिला.

सगळे सरपंचाच्या घरी तळलेले गोळे खायला निघाले. मी म्हटलं, मला कासिल्दाकडं जायचंय, आणि शिपायांना वळणावर उभं केलं.

ती दारातच होती, काळा झगा घालून. हात पोटावर धरलेले.

"मातोश्री, आपलं स्वागत आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? बाजूला हो, बसू दे मला. तुझा तो कोंबडा अजून जिवंत आहे का?"

"नाही. मेला, आपल्या कृपेनं."

"माझ्या कृपेनं? इतकी वर्षं शिव्या घातल्या तेव्हा मरेना, आणि आता कृपेनं मेला?"

मी हसले. ती हसली नाही. मी बाकावर बसले, ती उभीच राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात पावाचा वास नाही. हात लावून पाहिला तर भिंत थंडगार. त्या भिंतीला पलीकडून पाठ लावून मी अडतीस हिवाळे काढलेत.

"भट्टी का बंद?"

तिनं फडताळातून तीन कागद काढले. गव्हर्नरच्या परवान्याशिवाय पीठ मिळत नाही, परवाना वर्षानं संपतो, अर्ज करावा लागतो. पहिला अर्ज तिनं पोरीकडून लिहवून घेतला होता. वर लिहिलेलं, "प्रिय लेआंद्रो". त्यावर लाल शाईत शेरा, संबोधन अयोग्य, परत. दुसऱ्यावर "सेन्योर गव्हर्नर". परत. तिसरा शाळेच्या बाईंनी मुद्रांकाच्या कागदावर सुंदर अक्षरात लिहिला, पण त्यांनी नगराध्यक्षांची पदवी घातली, एक पायरी खालची. त्यावर शेरा होता, पदाचा अवमान. आणि पुन्हा असं झालं तर चौकशी होईल.

"आठ महिने झाले," कासिल्दा म्हणाली. "पाव शेजारच्या गावाहून खेचरावर येतो. शिळा असतो. आता मी काही मागत नाही. काय बोललं की काय परत येईल, कळत नाही."

"माझ्याशी बोलायला काय झालं? मी काय लेआंद्रो आहे?"

"आपण त्यांच्या घरात राहता."

"नाही राहणार. हे बघ." मी टोपलीतून सपाता काढून जमिनीवर ठेवल्या. "आले मी परत. कायमची."

मला वाटलं, आता तरी ही एक कचकचीत शिवी देईल. तिनं सपातांकडं पाहिलं, मग वळणावरच्या शिपायांकडं. तिच्या चेहऱ्यावर भीती आली, माझ्यामुळं.

"आपण इथं राहिलात तर ते पण राहतील," ती हळू आवाजात म्हणाली. "भिंतीपलीकडं, रात्रंदिवस. माझा नवरा खोकताना सरकारला शिव्या घालतो. त्याला मी गप्प कसं बसवू? मातोश्री, हात जोडते. राहू नका."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्या बाईनं माझ्यापुढं हात जोडले नव्हते. मी सपाता उचलल्या, तिचे तिन्ही कागद घेतले आणि बाहेर पडले. गल्लीत बायका दारात उभ्या होत्या. मी पुढं गेले तशी एकेक बाई वाकत गेली.

सरपंचाच्या अंगणात लेआंद्रो बशी हातात घेऊन उभा होता. भोवती टोप्या काढलेली माणसं. मी कागद त्याच्या बशीवर ठेवले.

"सही कर."

बाल्बिनो खोकला. लेआंद्रोनं कागद चाळले, मला कोपऱ्यात नेलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला.

"आई, इथं नको. कासिल्दाला मी ओळखत नाही असं थोडंच आहे. पण एकीला सूट दिली की उद्या सगळे मला चीजवालीचा पोरगा म्हणतील. मग माझं ऐकेल कोण? तिनं योग्य पदवी घालून अर्ज करावा, मी त्याच दिवशी सही करतो."

"ती आता कधीच अर्ज करणार नाही."

"मग मी काय करू?"

अंगणात सगळे आमच्याकडं वळले होते. बॅंडवालाही कर्णा खाली घेऊन बघत होता. मी आवाज खाली आणला नाही.

"काही करू नकोस. मी गाडीत जाऊन बसते, कारण तू माझं गाव मला राहण्यासारखं ठेवलेलं नाहीस. पण जायच्या आधी माझा निकाल ऐक, सगळ्यांदेखत. तू दुष्ट नाहीस, लेआंद्रो. दुष्ट असतास तर तुला टाकून मी मोकळी झाले असते. तू भित्रा आहेस. त्या भीतीपायी जिच्या दुधावर जगलास तिची भट्टी तू विझवलीस, आणि सगळा दोष नियमावर ढकलून इथं गोळे खात उभा आहेस. भित्रा मी तुला वाढवला नव्हता. ते तुझं तू झालास, आणि त्याची माफी माझ्याकडं नाही."