यतीनच्या चेहऱ्याचा भाव

यतीनच्या चेहऱ्याचा भाव त्या रविवारी ठरायचा होता आणि मला तमाशा फुकटात बघायला बोलावलं होतं. मी अर्थातच वेळेआधी जाऊन बसले.

हा अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला आमचा शेजारी. दिवसभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो आणि त्याच्या रशियन मैत्रिणीच्या, लरीसाच्या बाबतीत एकही लावत नाही. पण लरीसाला वाढवलं ते तमाराआजींनी. "लग्नाला आजी नाही म्हणाली तर माझंही नाही," असं तिने सरळ सांगून टाकलेलं.

म्हणून साहेबांनी रशियन घोकलं. तेही काय, तर चेहरे!

"यार, चेहऱ्याला किती शब्द यांच्याकडे! साधा तो लित्सो. लाडाचा, गोडुला तो लिचिको. चित्रातल्या संतांचा असतो लिक. मोर्दा जनावराचं, माणसाला म्हटलं की शिवी."

"म्हणजे थोबाड," नीलांबरी काकू म्हणाल्या. यतीनच्या आई, नागपूरहून आलेल्या. "आणि परवा घोकत होतास तो रोझा?"

"त्याहून वाईट थोबाड."

"मग लिचिकोच्या खाली सौदा करू नकोस."

लरीसाबरोबर तमाराआजी आल्या. यतीन हसला. आणि हसतच राहिला. कॅशियर, बॉस, लिफ्टमधलं कुत्रं, सगळ्यांना एकाच दराने वाटायचं ते इथलं हसू. आजी काही हसेनात. पुरणपोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली, पण नजर यतीनवरच. शेवटी लरीसाच्या कानात पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?" मला कुठला धीर!

लरीसा लालबुंद. "म्हणतेय, दात पाहिले. चेहरा कुठे ठेवलाय?"

यतीन आणखी हसला. काय करणार, दुसरं येत नव्हतं.

काकूंचा संयम संपला. "किती टक लावून बघायचं ते! लागली माझ्या पोराला." उठल्या, मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, यतीनवरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या.

नागपूरला मागचं दार उघडं असतं हो. इथे बाहेर बर्फ, खिडक्या बंद, आणि डोक्यावर स्मोक अलार्म. तो असा किंचाळला की आजींची पोळी ताटाबाहेर गेली. यतीन टॉवेल घेऊन खुर्चीवर चढला, वारा घालताघालता खुर्चीसकट सोफ्यावर कोसळला. नाक वाहतंय, डोळ्यांतून धारा, खोकता खोकता हसतोय. "आई, काय केलंस गं हे!"

अलार्म थांबला. आजींनी काहीतरी विचारलं. लरीसाला खोटं बोलता येत नाही. तिने सगळं सांगितलं: तुझी नजर लागली म्हणून.

माझा घास तोंडातच. काकू तव्याकडे बघू लागल्या. झालं, मोडलं लग्न!

आजी उठल्या. यतीनचे ओले, मोहरीच्या धुराने लाल झालेले गाल दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ बघितलं. आता तो हसत नव्हता. नुसता घाबरला होता.

"लिचिको," आजी म्हणाल्या. मग लरीसाकडे वळून मान हलवली.

"हो म्हणाली!" लरीसा ओरडली.

पण आजींचं काम संपलं नव्हतं. आपण कौतुक केलं, आता आपलीच लागायची! मान डाव्या खांद्यामागे वळवून त्या तीनदा थुंकल्या. "त्फू, त्फू, त्फू!"

"अगं बाई," काकू आनंदाने चीत्कारल्या, "यांच्यातही काढतात!"

डाव्या खांद्यामागे मी बसले होते. लग्नाचा पहिला आहेर मला मिळाला.