सहावा ट्राउट

मंगळवारी दुपारी पेर्दिदा तलावावर घरमालकीण पकडली गेली. सतरा पौंड भरली. काठावर तीसचाळीस माणसं होती आणि सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

आता हे विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. त्या तीसचाळीस जणांपैकी कुणालाही गाठून विचारा; तो आधी आकाशाकडे बघेल आणि मग म्हणेल, यंदा थंडी जरा लांबलीच.

तर जे घडलं नाही, ते असं घडलं नाही.

घरमालकीण म्हणजे बास मासा. मादी, वयस्कर, तोंड नारळ मावेल एवढं. तलावाच्या लाकडी धक्क्याखाली तिसऱ्या खांबाशी तिचा मुक्काम. तिथे दुसरा कोणी राहायला आला, की ती त्याला डिपॉझिटसकट गिळून टाकायची, म्हणून हे नाव. गांडुळाकडे ती ढुंकून बघत नसे. तिला लागायचा ट्राउट मासा, आणि तोही ताजा. हिवाळ्यात मत्स्यकेंद्राचा टँकर पंधरवड्याला एकदा यायचा आणि उतारावरून टूं टूं करत मागे यायचा. ती टूं टूं म्हणजे घरमालकिणीची जेवणाची घंटा. टँकरच्या तोंडातून शेकडो ट्राउट धबाधबा पाण्यात पडत. सगळं बालपण सिमेंटच्या हौदात गेल्यामुळे ते चुकीच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांसारखे जागच्या जागी उभे राहून इकडेतिकडे बघत. घरमालकीण त्यांचं आदरातिथ्य करायची.

तेव्हा तिला पकडायची, तर हुबेहूब ट्राउट दिसेल असा खोटा मासा हवा. आणि खोटा मासा करावा फर्मिन तोवारने. याबद्दल तलावावर दुमत नव्हतं.

फर्मिन दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. खोटी वस्तू खरी दिसली नाही तर माणूस कसा चिडतो, हे त्याने जवळून पाहिलेलं होतं. सीडरच्या लाकडाचे चार तुकडे सांध्यांनी जोडून तो मासा करायचा. डोळे कवळीच्या ॲक्रिलिकचे, कल्ल्यांना हिरड्यांचा गुलाबी रंग, अंगावर एकेक खवला सुईच्या टोकाने काढलेला. गळ पोटात असा दडवलेला, की चावल्याशिवाय कळू नये. त्यातला सर्वोत्तम होता सिप्रियानो. फर्मिनने आयुष्यात पहिली कवळी ज्या म्हाताऱ्याला बसवली, त्याचं नाव त्याने याला दिलं होतं. चेहराही थोडा जुळायचा.

फर्मिनच्या माशांना आजवर सगळे फसले होते. एक पेलिकन फसला होता. शेजारणीची मांजर दोनदा फसली होती. एकदा तर खुद्द त्याच्या बायकोने, ओरालियाने, सिप्रियानोच्या थोरल्या भावाला मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर टाकलं होतं, आणि तो शिजत का नाही म्हणून गॅस मोठा केला होता. फसला नव्हता तो फक्त मासा. इतक्या वर्षांत एकाही बासने त्याच्या आमिषाला तोंड लावलेलं नव्हतं.

“पोरा,” धक्क्यावरच्या आमिषांच्या दुकानाचे मालक डॉन लिबोरियो म्हणायचे, “तुझा मासा दिसतो माशासारखा, पण पोहतो कवळीसारखा.”

हे फर्मिनला लागायचं. डॉन लिबोरियोंच्या दुकानात गल्ल्यामागे एक फळा होता. तलावातला मोठा बास पकडणाऱ्याचं नाव त्यावर रंगवत, आणि नावापुढे तलावरक्षकाची साक्षीची सही. फर्मिनला त्या फळ्यावर जायचं होतं. ते फक्त माशासाठी नव्हतं. त्याने बनवलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच्या तोंडात नाहीशी व्हायची आणि वर कोणी “हे खोटे आहेत” असं कबूलही करत नसे. एकदा तरी आपलं नाव भिंतीवर असावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

पोहणं सुधारावं म्हणून तो मासे घरच्या टबमध्ये पोहवून बघायचा. त्यामुळे टब कायम भरलेला आणि ओरालियाची आंघोळ कायम बादलीत.

“लग्नाआधी सांगितलं असतंस, की टबमध्ये तुझी लाकडं राहतात,” कार्निव्हलच्या आदल्या रविवारी ती म्हणाली, “तर मी तळ्याकाठचाच नवरा केला असता. त्याच्याकडे निदान तळं असतं.”

“अगं, या मंगळवारी टँकर येतोय.”

“तुझा टँकर येतो नि जातो. हे बघ फर्मिन, बुधवारी राखेचा बुधवार, चर्चचे उपवास सुरू. उपवासाच्या दिवसांत माणसाने काहीतरी सोडायचं असतं. यंदा तू टब सोडायचास. आणि ती लाकडं चर्चच्या लॉटरीत द्यायचीस.”

“आणि मंगळवारी माझ्या माशाला बास लागला तर?”

“तर टब तुझा, जन्मभर. मी आईकडे जाऊन आंघोळ करीन.” तिची आई पार लांब, टेक्ससला राहायची. ओरालियाची खात्री किती होती, ते यावरून कळावं.

मंगळवारी फर्मिनने लॅबमध्ये दातदुखीचं कारण सांगून रजा घेतली. टँकर आला, टूं टूं वाजला, ट्राउट पडले. काठावर गर्दी उसळली. नियम माणशी पाच ट्राउटचा. गर्दीतल्या बादल्यांवर मात्र टॉवेल झाकलेले होते, आणि उन्हात बादलीला टॉवेल कशाला लागतो, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

फर्मिनने तासन्‌तास सिप्रियानोला तिसऱ्या खांबासमोरून नेलं-आणलं. घरमालकिणीने दार उघडलं नाही. शेवटी हताश होऊन त्याने साध्या गळाने पाच ट्राउट पकडले, ओल्या गोणपाटावर एका रांगेत मांडले आणि सिप्रियानोला, काठीच्या दोरासकट, त्यांच्या पंगतीत बसवलं. रंग कुठे कमी पडतोय ते बघायला. खऱ्या माशांचा थोडा बुळबुळीतपणाही त्याने त्याला चोळला.

तेवढ्यात धक्क्याच्या फळ्या वाजल्या. जलमंडळाची तलावरक्षक क्विग्ली आली. ही नवी होती. आधी तिची नेमणूक वाळवंटात होती, कासवं सांभाळायला. कासवांच्या खात्यात कासव कुठलं नि दगड कुठला एवढंच ओळखावं लागतं, आणि बदली त्यातच काहीतरी चुकून झाली, असं लोक म्हणत.

“किती मासे?”

“पाच, मॅडम.”

“मला सहा दिसतायत.”

फर्मिनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “काय म्हणालात?”

“सहा.”

“कुठला हो सहावा? नीट बोट करून दाखवा.”

क्विग्लीने पेनाने थेट सिप्रियानो दाखवला. “हा. आणि हा अजून जिवंत आहे.” फळ्या हलत होत्या, त्यामुळे सांध्यांवर सिप्रियानोची शेपटी हळूच वळवळत होती.

“मॅडम, तो लाकडाचा आहे.”

“गेल्या खेपेला एकाने सांगितलं, बादलीतले मासे पाळीव आहेत.”

“आईशप्पथ! हात लावून बघा.”

तिने हात लावला, पण जाड रबरी हातमोजे घालून. नियमांच्या पुस्तकात तसंच सांगितलं होतं. हातमोज्यांतून सीडर आणि ट्राउट सारखेच लागतात. फर्मिनने आणखी वाद घालायला हवा होता, हे त्यालाही कळत होतं. पण तिने दंडाची पावती फाडली, त्यावर लिहिलं ‘ट्राउट, नग सहा’, आणि त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. सरकारने लिहून दिलं होतं. ही पावती चौकटीत बसवायची, दंड गेला खड्ड्यात.

“जास्तीचा मासा जिवंत असेल तर परत सोडायचा,” क्विग्ली म्हणाली. “बिचाऱ्याने गळ गिळलाय. असा गळ ओढायचा नसतो. आधी पाण्यात धरून श्वास सावरू द्यायचा, मग दोर कापायचा.”

ती धक्क्यावर पालथी झोपली, सिप्रियानोला दोन्ही हातांत धरून पाण्यात घातलं, आणि पुढेमागे, पुढेमागे करू लागली. मध्येच थांबायची. “घे, श्वास घे राजा,” म्हणायची. पुन्हा पुढे. सिप्रियानो चारही सांध्यांतून असा लचकला, की फर्मिनचा स्वतःचा श्वास अडकला. घरच्या टबमध्ये इतकी वर्षं जे जमलं नव्हतं, ते हेच. तो नेहमी माशाला पळवायचा. ही त्याला शुद्धीवर आणत होती. कवळी गेली आणि मासा आला.

“दोर कापू का आता?” क्विग्लीने विचारलं.

“नको!” फर्मिन कुजबुजला. “अजून फार अशक्त दिसतोय.”

तेव्हा तिसऱ्या खांबाजवळचं पाणी काळं झालं. ते काळं वर आलं, त्याने तोंड उघडलं, आणि सिप्रियानो क्विग्लीच्या हातांतून गेला. रीळ किंचाळलं. काठी फळ्यांवरून सरपटत पाण्याकडे निघाली. आपला कैदी पळताना पाहून कुठलाही सरकारी माणूस जे करेल तेच क्विग्लीने केलं. तिने काठी धरली.

“थांब!” ती माशाला म्हणाली. “अधिकारी बोलतेय!”

“काठी वर धरा, मॅडम! वर! आता गुंडाळा!” फर्मिन जाळं घेऊन गुडघ्यांवर पडला होता. डॉन लिबोरियो चपला विसरून दुकानातून धावत आले. क्विग्ली ओढत होती, घरमालकीण ओढत होती, आणि बराच वेळ कोण कोणाला पकडतंय हे काठावरून नक्की सांगता येत नव्हतं. अखेर फर्मिनने जाळं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी ती वर घेतली. डॉन लिबोरियोंनी वजनकाटा लावला.

“सतरा,” ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली.

मग गर्दीतून डार्नेल नावाचा एक लांबडा माणूस, ज्याच्या बादलीवर सर्वांत मोठा टॉवेल होता, तो नम्रपणे म्हणाला, “मॅडम, तुमचं मासेमारीचं लायसन्स बघू?”

क्विग्लीने खिसे चाचपले नाहीत. तिच्याकडे ते नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. ती फर्मिनकडे वळली. “मासा तुमचा. काठी तुमची.”

“मग लिहून द्या ना! लाकडाच्या माशाला लागला म्हणून लिहा.”

“लाकडाचा होता, तर माझी पावती खोटी.”

“बरं, मग पावती खरी धरा.”

“पावती खरी, तर तो ट्राउट. ट्राउटला आमिष म्हणून लावायला बंदी आहे. त्याचा दंड वेगळा. आणि ते आमिष मी माझ्या हाताने लावलं.”

ती बसून विचार करू लागली. फर्मिनही विचार करू लागला. घरमालकीण जाळ्यात कल्ले हलवत दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“मला वाटतं,” क्विग्ली शेवटी गर्दीकडे बघत म्हणाली, “आज इथे काही झालेलं नाही. काही झालंच असेल, तर मला चौकशी करावी लागेल. चौकशी बादल्यांपासून सुरू होईल.”

तीसचाळीस माना एकदम आकाशाकडे गेल्या.

“थंडी लांबली यंदा,” डार्नेल म्हणाला.

क्विग्लीने पावती फर्मिनच्या बोटांतून काढून घेतली, फाडली, आणि तलावात कचरा टाकायला बंदी असल्यामुळे तुकडे स्वतःच्या खिशात घातले. घरमालकिणीच्या जबड्यातून सिप्रियानोला सोडवलं ते फर्मिनने. त्या तोंडाएवढं मोठं तोंड त्याने धंद्यात पाहिलं नव्हतं. मग तिला पाण्यात सोडलं. ती तिसऱ्या खांबाशी गेली आणि बहुधा दार लावून घेतलं.

“फळ्याचं बघा ना काहीतरी, डॉन लिबोरियो,” फर्मिन दुकानात जाऊन म्हणाला. “तुम्ही स्वतः वजन केलंत.”

“मी?” म्हाताऱ्याने चपला शोधता शोधता विचारलं. “मी तर आत होतो. सही आण पोरा, लगेच रंगवतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण पोहला मात्र! देवाशपथ, पोहला.”

घरी ओरालियाने सगळं ऐकून घेतलं. एकदाही टोकलं नाही. हे वाईट लक्षण होतं.

“कोणी पाहिलं?”

“सगळ्यांनी.”

“कोण सांगेल?”

“कोणीच नाही.”

“मासा कुठाय?”

“घरी गेली ती.”

फर्मिनने सिप्रियानोला टेबलावर ठेवलं. पाठीवरचा रंग खरवडून निघाला होता. बासचे दात बारीक, काचकागदासारखे. दोन्ही बाजूंना त्यांची अर्धचंद्राकार नक्षी उमटली होती. चाव्याचे ठसे घेणं हे फर्मिनचं पोटापाण्याचं काम होतं, आणि इतका सुबक ठसा त्याने पाहिला नव्हता. जन्मभर त्याने लोकांना दात दिले. त्याच्या कामाला दात लावणारं आज पहिल्यांदा कोणी भेटलं होतं.

ओरालियाने ठशावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

“माझा विश्वास आहे,” ती म्हणाली.

“खरंच?”

“पूर्ण. पण बोली बोलीच असते. कोणाचं तरी लेखी आण, मग टब तुझा. लॉटरीचं तोवर थांबवते. टबाचं नाही थांबवत.” आणि टॉवेल खांद्यावर टाकून ती न्हाणीघरात गेली. आतून कडी लागली. गरम पाण्याचा आवाज आला, मग गाण्याचा.

फर्मिनने सिप्रियानोला समोर उभं केलं, कागद घेतला, आणि लिहायला बसला:

‘मा. अध्यक्ष, पेर्दिदा खोरे जलमंडळ, यांस.

विषय: न घडलेल्या घटनेची नोंद होणेबाबत.

महोदय, मंगळवारी आपल्या तलावावर काहीही घडले नाही, हे मला मान्य आहे. तरी विनंती की, सदर न घडलेल्या घटनेत माझ्याकडून काढून घेतलेली सहा ट्राउटची पावती चिकटवून परत मिळावी. मी दंड भरण्यास तयार आहे. तो कृपया माफ करू नये. मंडळास पावती देणे अशक्य असल्यास, अन्य साक्षीदारांना त्या वेळी आकाश दिसत असल्याने, बादली नसलेल्या एकमेव साक्षीदाराची, म्हणजे धक्क्याखाली, तिसऱ्या खांबाशी राहणाऱ्या बाईंची, जबानी घेण्यात यावी. समन्स सुट्टीचा दिवस सोडून, टँकरच्या वेळी बजावावे. त्या अन्य वेळी दार उघडत नाहीत. दातांचा ठसा सोबत जोडला आहे, तो त्यांच्या सहीऐवजी ग्राह्य धरावा.

न्हाणीघर सध्या व्यापलेले असल्याने उत्तर लवकर मिळावे, ही विनंती.’